दरबान सिंगच्या दारची भांग

१

दूध उतू जायच्या बेतात होतं. तेवढ्यात वरच्या आळीतून पनुली बुआची किंकाळी आली आणि ते उतू गेलंच.

सेराकोटात मोटाररस्ता संपतो तिथं माझं दुकान. चहा, बिस्किटं, मोबाईलचं रिचार्ज आणि गावातल्या बातम्या, यातलं शेवटचं फुकट. बातमी डोळ्यांसमोर घडत असताना ती दुसऱ्याकडून ऐकण्यात मला काडीचा रस नाही. स्टोव्ह बंद केला आणि पायऱ्या चढत दरबान सिंगच्या अंगणात पोचलो.

दरबान सिंगच्या ललितचं लग्न आठवड्यावर आलेलं. लग्नाचे सुवाल, पापडासारख्या पातळ गोड पुऱ्या, लाटायला आळीतल्या बायका जमल्या होत्या. लाटणी हातातच, पीठ कोपरापर्यंत, आणि सगळ्या एका रांगेत उभ्या. दाराच्या उजव्या बाजूला मातीची अरुंद पट्टी आहे. कोंबड्या शिरू नयेत म्हणून पनुली बुआनं तिला काट्यांचं कुंपण घातलं होतं. "लग्नाच्या माळांसाठी झेंडू पेरलाय, कोणी पाय ठेवाल तर याद राखा," असं तिनं गावाला बजावून ठेवलं होतं. आज झेंडू दाखवायला म्हणून तिनं काटे बाजूला केले, आणि आत वीतभर उंचीची, दाट, हिरवीगार भांग उभी.

"माझ्या भावाच्या दारात भांग पेरली ग कुणी!" पनुली बुआ छाती बडवत होती. "घर बुडवलं मेल्यांनी!"

पनुली बुआ दरबानची थोरली बहीण, ललितची आत्या. लग्न होऊन गेली आणि दोनच वर्षांत पांढऱ्या कपाळानं माहेरी परतली, त्याला जमाना लोटला. कुठं दिली होती ते गावातल्या निम्म्या लोकांना आठवतही नाही. दरबानची बायको गेल्यापासून घराची चूल तिच्याच हातात, आणि त्या चुलीपाशी दुसऱ्या कुणाची हिंमत नाही.

आता एवढीशी रोपं पाहून एवढा आकांत कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. आमच्याकडे भांडण हातघाईवर आलं की बायका शेवटचं हत्यार काढतात, "तुझ्या दारात भांग उगवो!" घर बंद पडलं, छप्पर बसलं, माणसं दिल्लीला निघून गेली की तिथं भांगच उगवते. आमच्या वरच्या आळीत अशी घरं ओळीनं आहेत आणि त्यांच्या ओट्यांवर पुरुषभर भांग डोलते. ती पाहत पाहतच आम्ही रोज पाण्याला जातो. त्यामुळे ही शिवी ऐकून कोणी हसत नाही.

दरबान सिंग पायरीवर मटकन बसला. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पण चेहरा पिठासारखा झाला होता.

"हे लग्न होणार नाही," तो म्हणाला. "शापाच्या दारातून सून आणायची नाही मला."

ललित आतून आला. गावात उरलेला हाच एक तरुण. अक्रोडाची रोपवाटिका काढून चार पैसे कमावतो आणि दिल्लीचं नाव घेत नाही, कारण त्याची होणारी नवरी, खर्कधुऱ्याची हेमंती, त्याला सांगून बसली होती की मी डोंगर सोडून कुठं येणार नाही. दोघांनी बापाला राजी करण्यात दोन हिवाळे घालवले होते.

"बौज्यू, लग्न मोडलंत तर मी हल्द्वानीला जातो," तो शांतपणे बापाला म्हणाला. "परत येणार नाही. मग अंगणभर भांग उगवू द्या, उपटायला तुम्ही एकटेच असाल."

बायकांच्या हातातली लाटणी खाली आली. 

"हयात," शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पटवारीला फोन लाव. ज्यानं हे पेरलं त्याला मला माझ्या डोळ्यांनी पाहायचंय."

२

आमच्या डोंगरात पोलीस ठाणं नाही. जमीन मोजणारा पटवारीच चोरही पकडतो. आमची पटवारी बसंती रौतेला. अंगानं भरलेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी, हातात सदैव लोकर आणि सुया. चालताना विणते, बसताना विणते, साक्षी घेताना तर विणतेच. माझा एक अनुभव आहे. समोरचा बोलत असताना तिच्या सुया थांबल्या की समजावं, काहीतरी तिच्या गळाला लागलं.

दुपारी ती आली. आधी दोन ग्लास चहा घेतला, माझी भजी शिळी आहेत असं म्हणत संपवली, आणि मग अंगणात येऊन त्या मातीच्या पट्टीसमोर चक्क मांडी घातली.

"संशय कुणावर, दरबानदा?"

"तो काय, कुंपणापलीकडे उभा आहे."

कुंपणापलीकडे खीम सिंग उभा होता. दोन घरांच्या हद्दीवरच्या अक्रोडावरून गेल्या शरदात दोघांचं वाजलं होतं. तेव्हा खीम सिंगनं सगळ्या गावासमोर तीच शिवी दिली होती, बायकांनी तोंडावर हात ठेवला होता.

"दिली होती शिवी," खीम सिंग गुरगुरला. "पटवारीज्यू, रागात दिली होती. पण पेरायला यायला मला वेळ आहे का? माझ्या गोठ्यामागं आपोआप एवढी उगवते, तीच निस्तरत नाही."

"गोठ्यामागं आहे का? बरं झालं," पटवारी म्हणाली, आणि उठताना गुडघ्यांना शिव्या देत म्हणाली, "हयात, हात दे."

उठायच्या आधी मात्र तिनं दोन-तीन गोष्टी केल्या. भांगेचं एक रोप उपटून देठ उन्हात धरला. देठ जांभळट होता. शेजारी काठीवर चढवलेली काकडीची वेल होती, तिच्या वाळक्या, काळ्या दांड्या तिनं बोटांनी चोळून पाहिल्या. मग भांगेच्या दाटीत हात घालून काट्याच्या एका फांदीखालून वर आलेलं गवताचं एकुलतं एक पातं तिनं बोटांत धरलं. उपटलं नाही, नुसतं पाहत राहिली.

खीम सिंगच्या गोठ्यामागची भांग खूप होती, पण कशीबशी. शेंडे काळे पडलेले, पानं गळून गेलेली, खालून नवी पालवी फुटू पाहत होती.

"हिला काय झालं?" पटवारीनं विचारलं.

"आठवत नाही? बैशाख अर्धा सरला आणि थंडी उलटी फिरली. वर बर्फ, खाली पाला, दव गोठून पांढरं झालेलं. माझी भांग गेली, दरबानची काकडी गेली, हयातच्या मिरच्या गेल्या."

"माझ्या मिरच्या तुझ्या बकरीनं खाल्ल्या," मी म्हणालो.

"तू गप्प बस," पटवारी मला म्हणाली आणि हसली. "खीमदा, तू सुटलास. तुझी भांग एका पाल्यात काळी पडते. दरबानदाच्या दारातली त्याच पाल्यात, त्याच काकडीच्या शेजारी उभी होती, आणि तिचं पानही वाकलं नाही."

खीम सिंगनं हात आभाळाकडे नेले आणि दरबानकडे पाहून असं काही हसला की त्याला पुन्हा धरावं असं मला वाटलं.

"मग हे बी कुठलं?" दरबाननं विचारलं.

 पटवारीनं ललितकडे पाहिलं, आणि तिला ते बोलायचं नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं.

"जांभळा देठ, थंडीला दाद न देणारं," ती म्हणाली. "अशी भांग आपल्या खोऱ्यात एकाच ठिकाणी होते. खर्कधुऱ्याला."

खर्कधुरा म्हणजे हेमंतीचं गाव.

३

दरबान सिंगचा आवाज त्यानंतर माझ्या दुकानातूनही ऐकू आला असता.

"म्हणजे व्याह्यांनी? टिळ्याच्या दिवशी, सोयरीक पक्की करताना, माझ्या घरचं जेवून, माझ्याच दारात भांग टाकून गेले?"

"बौज्यू, ते असं का करतील? मुलगी देतायत आपल्याला!"

"ते मला काय माहीत? फोन लाव. आत्ताच्या आत्ता मोडतो."

"फोनला कोणी हात लावायचा नाही," पटवारी म्हणाली. ती सहसा आवाज चढवत नाही, त्यामुळे चढवला की माणसं ऐकतात. "उद्या मी वर जाते. मी परत येईपर्यंत हे लग्न ना ठरलेलं ना मोडलेलं. दरबानदा, सुभेदार होतास ना? मग हुकूम म्हणून ऐक."

दरबान पायरीवर बसला, पण मिशी थरथरत राहिली. खरं तर चूक पटवारीचीच झाली होती. शेजाऱ्याला सोडवता सोडवता तिनं नवरीच्या घरालाच अडकवलं होतं. ते तिला माझ्याइतकंच कळत होतं, कारण त्या संध्याकाळी तिनं माझ्या भज्यांना नावं ठेवली नाहीत.

निघण्याआधी ती पनुली बुआपाशी चुलीजवळ जाऊन बसली. मी दाराशी उभा होतो. बुआ तव्यावर भांगेचं बी भाजत होती. लिंबू पिळून वाटलं की असली चटणी होते की माणूस भाकरी मोजत नाही.

"बुआ, झेंडू कधी पेरलास ग?"

"टिळ्यानंतर. पाहुणे गेले त्याच आठवड्यात."

"उगवला होता?"

"उगवला होता की थोडा. मग पाल्यात जळला असेल. आणि या मेल्या भांगेनं जागा धरली."

"आणि भांग उगवलेली कळली नाही?"

"पानं कातरलेली दिसली, वाटलं झेंडूच. डोळे कुठं राहिलेत आता, पटवारीज्यू?"

बोलता बोलता बुआनं तव्यातलं बी हलवलं आणि त्यातला एक बारीक खडा दोन बोटांत चिमटून चुलीत फेकला. पटवारीच्या सुया थांबल्या. क्षणभरच. मग ती पुन्हा विणू लागली आणि म्हणाली, "खमंग वास येतोय हं."

मला वाटलं, तिला भूक लागली असावी.

४

खर्कधुऱ्याला जीप जात नाही. पटवारीच्या गुडघ्यांमुळे आम्ही तासातासाला बसत होतो, आणि प्रत्येक वेळी ती सरकारला आणि सरकारच्या रस्त्यांना नवीन नवीन विशेषणं शोधून काढत होती. शेवटचं देवदाराचं रान संपलं आणि उघड्या उतारावर शेतं दिसली. वरच्या कड्याला अजून बर्फ चिकटलेलं, आणि खाली काळ्या मातीत बायका ओळीनं वाकून भांग पेरत होत्या.

हेमंतीची आई मोतिमा आमच्याकडे आली. पटवारीला पाहून ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती आली ती बियाची टोपली कमरेवर घेऊनच.

"परवाना आहे माझ्याकडे. आम्ही बी आणि वाख यांच्यासाठीच लावतो, दुसऱ्या कशाला नाही. पाहायचाय?"

"तो नको. बी दाखव."

मोतिमानं मूठ उघडली. बारीक, करडं, काळ्या ठिपक्यांचं बी. "आमच्या आजेसासूच्या सासूपासूनचं आहे हे. तुमच्या खालचं बी इथं टाकलं तर झाड मोठं होतं, दिमाख दाखवतं, आणि बी पिकायच्या आधी बर्फ येऊन सगळं संपतं. हे मात्र बर्फ पडायच्या आत पिकून मोकळं होतं. त्याला हे कुणी शिकवलं नाही. ज्या झाडांना जमलं नाही त्यांचं बी मागं उरलंच नाही, एवढंच. याचा दोर बैल ओढूनही तुटत नाही, याच्या तेलानं बाळंतिणीला मालीश होतं, याची चटणी नसेल तर माझा नवरा ताटावर बसत नाही."

"मग असलं चांगलं बी दरबान सिंगच्या दारात का टाकलंस?"

मी मोतिमाकडे पाहिलं. ती आढेवेढे घेईल, रडेल, रागावेल, काहीतरी करेल. ती लाजली.

"कळलं का तुम्हाला? टिळ्याहून निघताना जोडे घालायला वाकले आणि मुठीतलं सोडलं. तुमच्याकडे भांगेला नाक मुरडतात, ठाऊक आहे मला. म्हणून गुपचूप टाकलं. पण मुलीच्या दारी टाकायलाच हवं ना! आमच्याकडे तसंच करतात. मुलगी ज्या दारी द्यायची तिथं भांग आणि जव मिसळून पेरायचे. अंगाला कापड कमी पडू नये, ताटात अन्न कमी पडू नये. लग्नाच्या दिवशी नवरी ती रोपं ओलांडून आत जाते."

"तुमच्याकडे हा आशीर्वाद?" मी न राहवून बोललो.

"मग काय शिवी?" मोतिमा हसली. "नुसती भांग म्हणजे शिवी, ती आमच्याकडेही. पण जव बरोबर असले की शिवी कशी होईल?"

पटवारीच्या सुया थांबल्या, आणि या वेळी थांबूनच राहिल्या.

"जव," ती म्हणाली. "जव टाकले होतेस? नक्की?"

"भांगेपेक्षा दुप्पट!"

बांधावर एक म्हातारी वाख वळत बसली होती. हात वळत होते आणि कान आमच्याकडे होते. ती तिथूनच म्हणाली, "खाली कुणालाच ही रीत कळली नाही? पनुलीनं सांगितलं नाही का?"

"कोणती पनुली?" मी विचारलं.

"अरे, दरबानची बहीण. माझी धाकटी जाऊ. हिमकडा कोसळून माझा दीर, तिचा नवरा, गेला आणि भाऊ येऊन तिला घेऊन गेला. आम्ही कड्यावर त्याला शोधत होतो. परत आलो तर घर रिकामं. मला तोंडही दाखवून गेली नाही." म्हातारीचं नाव गोविंदी. तिनं वाखाला जरा जोरात पीळ दिला. "कशी आहे ती?"

"चुलीपाशी बसून गावाला धाकात ठेवते," पटवारी म्हणाली.

"म्हणजे बरी आहे," गोविंदी म्हणाली.

उतरताना पटवारी विणत नव्हती. देवदाराच्या रानात ती एकदम थांबली आणि मला म्हणाली, "हयात, आपण सगळे गाढव आहोत. भांग कुठून आली, भांग कुठून आली, म्हणून गाव डोक्यावर घेतलं. झेंडू कुठे गेला ते कुणीच विचारलं नाही."

५

दुसऱ्या दिवशी दरबानच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. लग्नाला जेवढी माणसं आली असती त्यापेक्षा जास्त. खीम सिंग तर खुर्ची घेऊन आला होता.

पटवारीनं आधी मोतिमाची गोष्ट सांगितली. भांग आणि जव. कापड आणि अन्न. अंगणात कुजबूज झाली. दरबाननं कपाळावरचा घाम पुसला.

"आशीर्वाद असेल तर जव कुठं आहेत?" त्यानं विचारलं. "इथं तर नुसती भांगच आहे."

"हाच प्रश्न आहे, दरबानदा. जव दुप्पट टाकले होते. उगवलेही होते." ती वाकली आणि काट्याच्या फांदीखालचं ते एकुलतं पातं बाजूला करून दाखवलं. "हे गवत नाही. जव आहे. काट्याखाली होतं म्हणून हाताला लागलं नाही. बाकीचे कुणीतरी उपटले. एकेक करून, भांगेला धक्का न लावता."

"कोंबड्यांनी खाल्ले असतील," कुणीतरी म्हणालं.

"कुंपणातून कोंबडी शिरली असती तर भांगेचीही धूळधाण केली असती. नाही. माणसानं उपटले. आता विचार करा. तुमच्यापैकी कुणाच्याही दारात भांग आणि जव एकत्र उगवले तर काय उपटाल?"

"भांग!" दहा तोंडांतून एकदम आलं.

"मी पण भांगच उपटली असती. जव ठेवून भांग उपटणारा हा गावातला साधा माणूस. भांग ठेवून जव उपटणारा मात्र वेगळा. त्याला ठाऊक होतं की दोन्ही मिळून आशीर्वाद आहे, आणि अर्धा काढला की शाप होतो. ही रीत खाली कुणाला ठाऊक नाही. ठाऊक असेल तर त्यालाच, ज्यानं वर राहून पाहिलीय."

 काही म्हाताऱ्यांची डोकी हळूहळू चुलीच्या दाराकडे वळली.

"आता झेंडू," पटवारी जरा हळू आवाजात म्हणाली. "काकडी पाल्यात जळली, तिच्या दांड्या अजून उभ्या आहेत. झेंडू जळला असता तर त्याच्या काड्या दिसल्या असत्या. इथं एक काडी नाही, कारण झेंडू पेरलाच नव्हता. कुंपण झेंडूसाठी नव्हतं. आत काय वाढतंय ते लग्नापर्यंत कुणी पाहू नये म्हणून होतं. आणि जी बाई भाजत्या बियातला मोहरीएवढा खडा बोटांनी टिपते, तिला पायाशी उगवलेली भांग झेंडू वाटत नाही." ती वळली. "पनुली बुआ, बाहेर ये ग."

बुआ बाहेर आली. मला वाटलं होतं, ती आकाशपाताळ एक करेल. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"उपटले," ती म्हणाली. "मीच उपटले."

"दिदी!" दरबानच्या तोंडून एवढंच निघालं.

"माझ्याही दारी टाकली होती भांग आणि जव. मी ओलांडून गेले होते. काय मिळालं मला? दुसऱ्या वर्षी कडा कोसळला. तू मला आणायला आलास तेव्हा त्या घरातलं एक माणूस दारात आलं नाही. एकानं म्हटलं नाही, पनुली, राहा." तिनं आत चुलीकडे हात केला. "आता त्याच गावची पोर येणार. माझ्या चुलीपाशी बसणार. मग मी कुठं बसू? एकदा उपरी झाले, आता पुन्हा? मला ललितचं वाईट करायचं नव्हतं रे. मला फक्त ती यायला नको होती."

खीम सिंगनं मान खाली घातली. खुर्चीत बसल्याची लाज वाटावी असा तो क्षण होता, आणि तो उठून उभा राहिला हे मी त्याच्या खात्यावर जमा करतो.

दरबानला काय करावं कळेना. रागवावं तर बहीण, न रागवावं तर पोराचा संसार. तो पटवारीकडे पाहू लागला. पटवारी आभाळाकडे पाहू लागली. चोर धरणं तिचं काम, बाकीचं नाही.

तेव्हा ललितनं खिशातून फोन काढला. तो मघापासून चालूच होता. हेमंती पलीकडून सगळं ऐकत होती.

"बुआ," फोनमधून आवाज आला, आणि सगळं अंगण कान देऊन ऐकू लागलं. "माझं एक ऐका. शेत मला येतं, दोर वळता येतो, गाय दोहता येते. स्वयंपाक मात्र असला करते की माझे बौज्यू देवाचं नाव घेऊन जेवतात. विचारा ललितला!"

"खरंय," ललित कसनुसा म्हणाला. "मी जेवलोय."

"तुमची चूल घेऊन मी काय करू? माझी एकच अट. वरातीबरोबर तुम्ही आलात तरच मी डोलीत बसेन. नाही आलात तर वरात रिकामी परत."

पनुली बुआनं पदर तोंडाला लावला. दरबान सिंग, फौजेतला सुभेदार, सगळ्या गावासमोर रडला आणि रडता रडता ओरडला, "सुवाल अर्धे का टाकलेत ग? लाटा की!"

६

पूर्वी आमच्या वरातीत बायका जात नसत. आता जातात आणि पुरुषांपेक्षा जास्त नाचतात. पुढं ढाल-तलवारीचे छोलिया नाचणारे, मागं ढोल, मशकबीन, आणि सगळ्यांच्या मागं पनुली बुआ. दरबाननं तिच्यासाठी खेचर आणलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. चढ सुरू झाला तशी ती एकेकाला मागं टाकत गेली. देवदाराच्या रानात तिनं पटवारीला गाठलं आणि शेवटच्या वळणावर तर वाजंत्रीवाल्यांच्याही पुढं होती.

गावाच्या कमानीशी मात्र तिचे पाय अडखळले. वरात आत गेली. नवरदेवाची आरती झाली, खीम सिंगनं व्याह्यांना मिठ्या मारल्या, कुणी त्याला बोलावलं होतं कोण जाणे. बुआ अंगणाच्या कडेला, बाहेरच्या पाहुण्यांसाठी घातलेल्या सतरंजीच्या टोकावर अंग चोरून बसली. कुणी ओळखेल याची भीती वाटत असेल, किंवा कुणी ओळखणार नाही याची. मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिनं हातातच धरून ठेवला.

लग्नाचा स्वयंपाक त्याच अंगणावरच्या गोविंदीच्या, म्हणजे बुआच्या जुन्या सासरघरी चालला होता, तिथून गोविंदी आली. हातात मोठा डाव, चेहऱ्यावर घाम, लग्नघरातल्या म्हाताऱ्या बाईचा तो नेहमीचा राग. ती सरळ सतरंजीपाशी येऊन उभी राहिली आणि बुआकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. 

"काय ग," गोविंदी म्हणाली, "सून असून पाहुण्यांत काय बसलीस?"

बुआ तिच्याकडे पाहतच राहिली.

"इतकं माहेरपण कुठल्या सुनेला मिळतं? आत तीनशे पानं मांडलीत, चटणी वाटायला एक हात नाही, आणि ही इथं चहा पीत बसलीय. ऊठ!"

पनुली बुआच्या हातातला ग्लास मी कसाबसा झेलला. ती उठली. रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही. दोन्ही एकदम चाललं होतं.

"दिदी," ती म्हणाली, "पाटा कुठं ठेवलाय?"

"जिथं होता तिथंच," गोविंदी मागं न पाहता म्हणाली.

बुआनं पदर कमरेला खोचला आणि आत गेली. तिनं कुणाला वाट विचारली नाही.